आर्ल पाहायला येताय? पाहुणे हमखास विचारतात ते प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही ल्योंमध्ये राहतो. त्यामुळे पुण्या-मुंबईहून युरोपला येणारे नातेवाईक, नातेवाइकांचे मित्र आणि मित्रांचे व्याही असे सगळे जाता-येता आमच्याकडे टेकतात. पॅरिस झालेलं असतं, स्वित्झर्लंड व्हायचं असतं आणि मधले दोन दिवस मोकळे असतात. मी दर वेळी आर्ल सुचवते आणि दर वेळी त्याच प्रश्नांची सरबत्ती होते. व्हॉट्सॲपवर तीच उत्तरं टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवते.

आर्ल्स, आर्लेस की आर्ल?

आर्ल. शेवटचा ‘एस’ लिहितात, उच्चारत नाहीत. तिकीट खिडकीवर ‘आर्लेस’ म्हटलंत तरी चालून जातं, पण गाडीतली घोषणा ‘आर्ल’ अशीच होते आणि एका श्वासात संपते. आमचे एक काका आर्लेसची वाट बघत बघत मार्सेयला पोचले होते.

हे आहे कुठे?

फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्समध्ये, रोन नदीच्या काठी. इथेच रोनला दोन फाटे फुटतात आणि त्यांच्या मधल्या त्रिभुज प्रदेशाला कामार्ग म्हणतात. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. पण कामार्गच्या दलदलीचा मोठा भाग नगरपालिकेच्या हद्दीत येत असल्याने क्षेत्रफळ साडेसातशे चौरस किलोमीटरच्या वर, बृहन्मुंबईपेक्षा जास्त! युरोपातल्या फ्रान्समध्ये एवढी हद्द दुसऱ्या कुठल्याच नगरपालिकेची नाही. तुम्हाला पाहायचं ते जुनं गाव मात्र पायी वीस मिनिटांत आरपार होतं.

रोमन लोक इथे कशाला आले होते?

व्यापाराला आणि राजकारणाला. इ.स.पू. ४९ मध्ये सीझर आणि पॉम्पी या दोन रोमन सेनापतींत जुंपली तेव्हा शेजारच्या मार्सेयने पॉम्पीची बाजू घेतली, आर्लने सीझरला बारा युद्धनौका बांधून दिल्या. सीझर जिंकला. मार्सेयचे हक्क आणि जमिनी गेल्या, आर्लचं नशीब उघडलं. इ.स.पू. ४६च्या सुमारास सीझरच्या सहाव्या सैन्यतुकडीतल्या निवृत्त सैनिकांना इथे जमिनी देऊन रीतसर वसाहत स्थापन झाली. पुढे चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन इथे येऊन राहिला, ३१४ साली ख्रिस्ती धर्मगुरूंची मोठी परिषदही त्याने इथेच भरवली. आर्लच्या ऐश्वर्याचा पाया म्हणजे योग्य वेळी योग्य पक्षात असणं, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

रोममध्ये कोलोसियम पाहिलंय. मग इथलं ॲम्फिथिएटर परत कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण तिकडे नसलेलं काहीतरी इथे दाखवता येतं.

इथलं ॲम्फिथिएटर इ.स. ९०च्या सुमाराचं. लांबी १३६ मीटर, कमानींचे दोन मजले, प्रत्येक मजल्यावर साठ कमानी, वीस हजार माणसं बसायची सोय. आकाराने कोलोसियमपुढे धाकटं भावंडच. पण रोमन साम्राज्य कोसळल्यावर इथल्या लोकांनी काय केलं, तर जाड भिंती पाहून ते सरळ आत राहायला गेले. कमानी बुजवल्या, बुरूज चढवले, आणि आतल्या रिंगणात नि पायऱ्यांवर हळूहळू एक गाव उभं राहिलं. दोनशेच्या वर घरं, दोन छोटी चर्च, गल्ल्या, चौक. एकोणिसाव्या शतकापर्यंत लोक तिथे राहत होते. १८२०च्या दशकात घरं हटवायला सुरुवात झाली आणि १८३० साली मोकळ्या झालेल्या रिंगणात पुन्हा खेळ झाला. चारपैकी तीन मध्ययुगीन बुरूज अजून आहेत. त्यातल्या एकावर चढता येतं. वरून कौलारू छपरं, रोन आणि लांबवर आल्पीय डोंगरांची पांढुरकी ओळ दिसते. (हे छोटे डोंगर, आल्प्स नव्हेत. तुमचं स्वित्झर्लंड अजून व्हायचंय.)

आता तिथून दोन मिनिटांवरच्या रोमन नाट्यगृहात जा. हे ॲम्फिथिएटरपेक्षा शंभरेक वर्षांनी जुनं, ऑगस्टसच्या काळातलं, दहा हजार प्रेक्षकांचं. इथे मात्र वेगळं घडलं. इथले दगड लोकांनी चर्चसाठी, घरांसाठी उचलून नेले. रंगमंचामागच्या भव्य भिंतीचे आज दोनच खांब उभे आहेत आणि गावकरी त्यांना ‘दोन विधवा’ म्हणतात. ज्यात माणसं राहिली ते टिकलं, ज्याची खाण झाली ते गेलं. या दोन जागा लागोपाठ पाहिल्या की अख्खं आर्ल कसं वाचायचं ते कळतं. म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या सकाळी आधी हेच करा.

‘व्हीनस ऑफ आर्ल’ कुठे आहे?

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात. व्हीनस देवीची ही संगमरवरी मूर्ती १६५१ साली या नाट्यगृहाच्या अवशेषांत सापडली आणि गावाने ती चौदाव्या लुईला भेट दिली. त्याच्या शिल्पकाराने, जिरार्दाँने, तिला नवे हात बसवून ‘दुरुस्त’ केलं. आर्लकडे प्रतिकृती आहे. पॅरिसला पाहिली असेल तर उत्तम, नसेल तर आता उशीर झाला.

रोमन अवशेषांपैकी अजून काय चुकवू नये?

क्रिप्तोपोर्तिक. नाव अवघड आहे पण गोष्ट सोपी आहे. गाव उतारावर होतं आणि रोमनांना मुख्य चौकासाठी, म्हणजे फोरमसाठी, सपाट जागा हवी होती. म्हणून त्यांनी खाली इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची भुयारी दालनं बांधली आणि वर चौक टेकवला. चौक कधीच गेला, दालनं जशीच्या तशी. प्रवेश नगरपालिकेच्या इमारतीतून आहे. जुलैच्या दुपारी वर पस्तीस अंश असताना आत गेलात की अंगावर गारवा येतो. जमीन ओलसर असते, चप्पल सांभाळा.

त्या नगरपालिकेच्या तळमजल्यावर आत शिरताना मान वर करून छत बघा. १६७०च्या दशकातलं काम आहे. एवढं मोठं दालन, आणि मध्ये एकही खांब नाही. छत जवळजवळ सपाट, फक्त दगड एकमेकांत अडकवून पेललेलं. आराखडा आर्दुआँ-माँसारचा, ज्याने पुढे व्हर्सायच्या राजवाड्याचं काम केलं. बघायला पैसे पडत नाहीत आणि नव्वद टक्के पर्यटक न बघता पुढे जातात. (टक्केवारी माझी, बाकावर बसून मोजलेली.)

बाहेर चौकात ग्रॅनाइटचा ओबेलिस्क आहे. तो मूळचा रोमन सर्कसमधला, म्हणजे रथांच्या शर्यतींच्या मैदानातला. १६७६ साली उचलून इथे उभा केला. समोरच सँ-त्रोफीम चर्च. त्याचं बाराव्या शतकातलं दार म्हणजे दगडात कोरलेला निवाड्याचा दिवस. मध्ये ख्रिस्त, तुमच्या डाव्या हाताला नीट कपड्यांतले पुण्यवान, उजव्या हाताला साखळीत बांधलेले, उघडे पापी. आपल्या देवळांच्या दारांवर इतकी बारीक कोरीव कामं पाहिलेल्या डोळ्यांनाही इथे थांबावंसं वाटतं. ११७८ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा इथे राज्याभिषेक झाला होता.

‘निळं म्युझियम’ गावाबाहेर आहे. जावं का?

जावंच. जुन्या गावातून नदीकाठाने वीसेक मिनिटं चालायचं. रोमन काळातल्या वस्तूंचं हे संग्रहालय १९९५ साली उघडलेलं, निळ्या रंगाचं, त्रिकोणी. मंगळवारी बंद असतं. हे मी ठळक अक्षरात लिहायला हवं, कारण मी स्वतः पाच जणांना घेऊन मंगळवारी भर उन्हात तिथवर चालत गेले होते.

आत दोन गोष्टींसाठी वेळ ठेवा. पहिली, ३१ मीटर लांबीची सपाट तळाची लाकडी नाव. पहिल्या शतकात दगड वाहून नेताना रोनमध्ये बुडाली, गाळात रुतून बसली आणि त्या गाळानेच तिला दोन हजार वर्षं जपलं. २०११ साली तुकड्यातुकड्याने वर काढली आणि २०१३पासून मांडून ठेवली आहे. नावाड्यांची रोजच्या वापरातली भांडीसुद्धा तिच्यात सापडली. दुसरी, २००७ साली नदीतून निघालेला संगमरवरी अर्धपुतळा. शोधणाऱ्यांच्या मते तो खुद्द सीझरचा, तो जिवंत असतानाच घडवलेला. इतर काही तज्ज्ञांच्या मते कुणा स्थानिक प्रतिष्ठिताचा. तुम्ही स्वतः बघा आणि ठरवा. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आणि मागे हटलेली केशरेषा बघून माझं मत सीझरकडे झुकतं, पण मी काही तज्ज्ञ नाही.

तिथे रोमन अँफोरा, म्हणजे मद्य-तेलाचे निमुळते रांजण, ओळीने मांडलेत. ते पाहताना आपला एक धागा आठवतो. असल्या रांजणांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात निघालेत आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली आहे. आर्लच्या धक्क्यावर असले रांजण उतरत होते त्याच काळात सातवाहनांचा माल नाणेघाटातून बंदरांकडे उतरत होता.

व्हॅन गॉगची चित्रं कुठे पाहायची?

बसून घ्या. आर्लमध्ये ती जवळजवळ नाहीतच.

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग २० फेब्रुवारी १८८८ला पॅरिसहून इथे उतरला. उजेड आणि ऊब शोधत आला होता आणि स्टेशनवर बर्फ पडलेलं होतं. मे १८८९मध्ये तो इथून गेला. या पंधरा महिन्यांच्या आतबाहेर दोनशेच्या घरात चित्रं आणि शंभरावर रेखाटनं झाली. सूर्यफुलं इथली, त्याच्या पिवळ्या घरातली ती झोपायची खोली इथली, रात्रीचा कॅफे इथला, पोस्टमन रूलँ इथला. त्यातलं एकही गावाने ठेवून घेतलं नाही. उलट १८८९च्या सुरुवातीला तीसेक शेजाऱ्यांनी सह्या करून अर्ज दिला की या वेड्या माणसाला कुठेतरी बंद करा, आणि पोलिसांनी त्याच्या घराला कुलूप लावलं. आज त्याच्या नावावर निम्मं गाव जेवतं. इथल्या मंडळींना हे टोचतं, तेही मोकळेपणाने बोलतात.

२०१४ साली जुन्या एका वाड्यात व्हॅन गॉग फाउंडेशन सुरू झालं. ते इतर संग्रहालयांकडून एखाद-दुसरं, कधी जास्त मूळ चित्रं उसनी आणून आजच्या चित्रकारांच्या कामाशेजारी मांडतं. जायच्या आधी त्यांच्या संकेतस्थळावर सध्या काय आहे ते बघा, नाहीतर ‘व्हॅन गॉग कुठाय?’ म्हणत सगळे मजले फिराल.

मग चित्रं आहेत कुठे? रोनवरची तारांकित रात्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. कॅफेबाहेरच्या मेजांचं रात्रीचं चित्र हॉलंडच्या क्रॉलर-म्युलर संग्रहालयात. पिवळं घर ॲमस्टरडॅममध्ये. इथल्या इस्पितळाच्या बागेचं चित्र स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधल्या ओस्कार राइनहार्ट संग्रहाचं आहे, म्हणजे झुरिकहून परत उडणाऱ्यांनी चौकशी करावी. पॅरिसहून येत असाल तर आधी ओर्सेला जाऊन मग आर्लला या. डोळ्यांत चित्र ताजं असताना त्याच काठावर उभं राहण्यात मजा आहे.

मग त्याच्या जागा तरी उरल्यात का?

काही उरल्यात, काही नाहीत आणि काही बनवल्यात. फरक माहीत असलेला बरा.

पिवळं घर नाही. जून १९४४मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात गेलं. स्टेशनवरून गावात येताना लामार्तीन चौकात त्याच्या मागची उंच इमारत अजून उभी आहे. चित्रात ती स्पष्ट दिसते, त्यामुळे जागा ओळखता येते. पुढे आता रस्ता आणि गाड्या.

फोरम चौकातला कॅफे आहे, पण भिंतीला पिवळा रंग चित्र बघून नंतर दिलेला. व्हिन्सेंटच्या चित्रातलं पिवळं म्हणजे गॅसच्या दिव्याचा उजेड होता, चुना नव्हे. फोटो काढा, जेवायला दुसरीकडे जा.

लांग्लुआचा उघडणारा पूल मूळचा नाही. त्याच धर्तीचा दुसरा पूल आणून बसवलाय, तोही मूळ जागेपासून दूर. वेळ कमी असेल तर सोडा.

इस्पितळ आहे, आणि ही जागा खरी. २३ डिसेंबर १८८८च्या रात्री, त्याच्याकडे राहायला आलेल्या गोगँ या चित्रकार मित्राशी भांडण झाल्यावर, त्याने स्वतःचा कान कापला आणि दुसऱ्या दिवशी त्याला इथे आणलं. फेलिक्स रे नावाच्या तरुण डॉक्टरने उपचार केले. त्या डॉक्टरने काढून दिलेलं एक रेखाचित्र २०१६ साली लोकांपुढे आलं, त्यावरून कळलं की पाळीच नव्हे, जवळजवळ अख्खा कान गेला होता. व्हिन्सेंटने कृतज्ञतेने डॉक्टरचं चित्र काढून दिलं. म्हणतात की त्यांच्या आईने ते कोंबड्यांच्या खुराड्याचं भोक बुजवायला वापरलं. आज इमारतीत सार्वजनिक वाचनालय वगैरे आहे, आणि आतली बाग त्याच्या चित्राबरहुकूम लावलेली आहे. अंगण मोकळं आहे. बाकावर बसा.

आणि रोनचा काठ आहे. अंधार पडल्यावर जा. गॅसच्या दिव्यांऐवजी विजेचे आले, एवढाच फरक. एक गंमत सांगते. चित्रात नदीवर सप्तर्षी दिसतात, पण तो ज्या दिशेला बघत होता त्या नैर्ऋत्येला सप्तर्षी नसतातच. मागचं आकाश त्याने पुढे आणलं.

आलिस्काँ म्हणजे काय?

रोमन स्मशान. रोमनांमध्ये गावाच्या आत पुरायची बंदी होती, म्हणून वेशीबाहेरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी शवपेटिका. नावाचा अर्थ ‘स्वर्गीय मैदानं’, म्हणजे पॅरिसच्या शाँझेलिझेचंच हे दक्षिणेकडचं रूप. मध्ययुगात इथे पुरून घ्यायची एवढी चढाओढ की, दंतकथेनुसार, लांबलांबचे लोक मृताची पेटी आणि खोदणाऱ्याची मजुरी रोनमध्ये सोडून देत आणि आर्लकर खाली ती अडवून घेत. पुढे गावाने चांगल्या चांगल्या कोरीव पेटिका राजे-सरदारांना नजराणे म्हणून वाटल्या. एकोणिसाव्या शतकात स्मशानाच्या काही भागावरून रेल्वे आणि तिचे कारखाने आले. उरली ती झाडांखालची एक लांब वाट. १८८८च्या शरदात व्हिन्सेंट आणि गोगँ दोघांनी ती शेजारी शेजारी उभं राहून रंगवली. संध्याकाळी बंद व्हायच्या आधीचा तास निवडा.

तो चकाकणारा मनोरा कसला? मुलांना तोच दिसतो.

लुमा. वास्तुकार फ्रँक गेरीने केलेला, ५६ मीटर उंच, अकरा हजार स्टीलच्या पट्ट्यांचा, २०२१ साली उघडलेला. बंद पडलेल्या त्याच रेल्वे कारखान्यांच्या आवारात. त्यावरून गावात अजून दोन तट आहेत. माझं म्हणणं असं की दुपारी तो डबा दिसतो आणि सूर्यास्ताला चित्र. आत आजची कला असते. मुलांसाठी सांगायचं तर, आत खरोखरच्या भल्या मोठ्या घसरगुंड्या आहेत.

कुठल्या महिन्यात यावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर. जुलै-ऑगस्टचं ऊन नागपूरचं नसलं तरी सावली कमी आणि दगड तापलेले. मात्र फोटोग्राफीचं वेड असेल तर उन्हाळ्यातच या. १९७०पासून दर वर्षी जुलैत ‘राँकाँत्र द आर्ल’ हा छायाचित्रांचा महोत्सव सुरू होतो आणि प्रदर्शनं सप्टेंबरपर्यंत चालतात. जुनी चर्च, मठ, गोदामं, मिळेल त्या जागेत फोटो लावतात. पहिल्या आठवड्यात हॉटेल मिळणं मुश्कील.

मिस्त्राल नावाचा उत्तरेचा कोरडा वारा कधीही सुटतो आणि दिवसचे दिवस थांबत नाही. व्हिन्सेंट आपल्या चित्राची घोडी जमिनीत खुंट्या ठोकून बांधायचा. तुम्ही मे महिन्यातही एक विंडचीटर आणाच.

बैलांच्या झुंजी असतात असं ऐकलं. मुलांना नेऊ का?

आधी दोन प्रकारांतला फरक समजून घ्या. ईस्टरला आणि सप्टेंबरमधल्या भाताच्या सुगीच्या उत्सवात ॲम्फिथिएटरमध्ये स्पॅनिश पद्धतीची कोरिदा होते. त्यात बैल मारतात. मी जात नाही, पाहुण्यांनाही नेत नाही.

‘कुर्स कामार्गेझ’ वेगळी. पांढऱ्या कपड्यांतली चपळ पोरं बैलाच्या शिंगांना बांधलेली फीत आणि गोंडे हिसकायचा प्रयत्न करतात. बैल मरत नाही, खेळ संपला की रुबाबात परत जातो. भित्तिपत्रकावर नाव बैलाचं मोठं असतं. बैलगाडा शर्यतीला जाणाऱ्या आमच्या मंचरच्या आत्येभावाला हे क्षणात कळलं. फ्रेंच येत नसताना शेजारच्या म्हाताऱ्याशी तासभर तो बैलांवर बोलत होता.

शाकाहारी माणसाचं काय होईल?

उपाशी राहणार नाही, पण सावध राहा. इथली शान म्हणजे कामार्गच्या बैलाच्या मांसाचा रस्सा आणि आर्लचा सॉसेज, तेव्हा ‘आजचा खास’ विचारू नका. रातातुई (वांगी-टोमॅटोची भाजी), पिस्तू म्हणजे बेझिल-लसणाची चटणी घातलेलं भाज्यांचं सूप, चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या (त्यांना पानीस म्हणतात, आपल्या पाटवडीच्या गोत्रातल्या) हे चालतं. तापनाद म्हणजे ऑलिव्हची चटणी, निरागस दिसते, पण तिच्यात बहुधा अँकोव्ही हा मासा असतो. चीज जमवायला बऱ्याचदा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तेही कडक पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. ‘सां व्हियांद, सां प्वासाँ’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करा.

जेवणाच्या वेळा पक्क्या असतात. दुपारी दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद, ती सातपर्यंत. शनिवारी सकाळी बुलेव्हार दे लिसवर मोठा बाजार भरतो. ऑलिव्ह, बकरीचं चीज, पीच, ताजा पाव घ्या आणि दुपार निभवा. दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’ म्हणायचं, मग काय हवं ते. बाँजूर विसरलात तर माणूस थंड होतो आणि आपण म्हणतो फ्रेंच उद्धट असतात.

वरणभात?

भात आहे! कामार्गमध्ये पिकतो, लालसुद्धा. दुसऱ्या महायुद्धात इंडोचायनातून सक्तीने आणलेल्या मजुरांच्या हातांनी इथली भातशेती नव्याने उभी राहिली, ही गोष्ट पाकिटावर नसते. डाळ बरोबर आणा.

आई-बाबांना झेपेल का?

अंतरं झेपतात, दगडी फरसबंदी त्रास देते. ॲम्फिथिएटरच्या पायऱ्या उंच आहेत, बुरूज गुडघेदुखीवाल्यांनी सोडावा. खालचं रिंगण आणि पहिला मजला पुरे. मुक्काम मात्र जुन्या गावातच घ्या, म्हणजे दुपारी खोलीवर पडता येतं.

एका दिवसात होईल ना?

होईल, पण करू नका. नदीतल्या क्रूझ बोटींचे आणि आव्हिन्योंहून येणारे गट दहाला येतात, पाचला जातात. त्यानंतर ॲम्फिथिएटरभोवती पाकोळ्यांचे थवे किंचाळत फिरतात, पांढरा दगड पिवळा होतो आणि गाव गावासारखं वागायला लागतं. दोन रात्री ठेवा. सगळी स्मारकं आणि संग्रहालयं मिळून एकत्र पास मिळतो, सुट्या तिकिटांपेक्षा तो स्वस्त पडतो.

पोचायचं कसं? व्हिसा?

पॅरिसच्या गार द लियोंहून तेजेव्हे (टीजीव्ही) या वेगवान गाडीने आव्हिन्यों, साधारण पावणेतीन तास. आव्हिन्योंची स्टेशनं दोन आहेत. तेजेव्हेच्या स्टेशनवरून छोट्या गाडीने गावातल्या स्टेशनवर जायचं आणि तिथून आर्ल वीस मिनिटं. मार्सेयहून तासाभरात. आदल्या रात्री ॲपवर संप नाही ना ते बघायचं. व्हिसा नेहमीचा शेंगेन, किमान ३० हजार युरोच्या वैद्यकीय विम्यासह. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी लवकर करा.

म्युझेऑन आर्लातेन कुणासाठी?

ज्यांना पुण्यातलं केळकर म्युझियम आवडतं त्यांच्यासाठी. फ्रेदेरिक मिस्त्राल हा प्रोव्हान्साल भाषेचा कवी. पॅरिसच्या फ्रेंचपुढे आपली बोली आणि आपली घरं पुसली जाताहेत हे पाहून त्याने पाळणे, टोप्या, भांडी, शेतीची अवजारं गोळा केली आणि १८९९मध्ये संग्रहालय उघडलं. १९०४चं नोबेल त्याला विभागून मिळालं, तेही पैसे त्याने यातच घातले. केळकर म्युझियम उभं करणारे दिनकर केळकरही ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहायचे. अडकित्ते आणि दिवे जमवण्याचं हे वेड कवींनाच का लागतं कोण जाणे. नव्याने सजवून हे संग्रहालय २०२१ला पुन्हा उघडलंय.

अजून एक दिवस असेल तर?

बहुतेक जण पाँ द्यु गार हा रोमनांचा पाणीपूल किंवा नीम हे जवळचं शहर सांगतील. दोन्ही उत्तम, नीम तर रेल्वेने अर्ध्या तासावर. पण मी तुम्हाला समुद्राकडे पाठवेन, सांत-मारी-द-ला-मेरला. आर्लहून बसने तासाभराच्या आत. वाटेत पांढरे घोडे, काळे बैल, आणि पाँ द गोच्या पक्षी उद्यानात रोहित पक्षी अगदी जवळून. डासांचं मलम विसरू नका, कामार्गचे डास कपड्यांतून चावतात.

तिथल्या चर्चच्या तळघरात साराची काळी मूर्ती आहे. चर्चच्या अधिकृत संतांच्या यादीत ती नाही, पण रोमा (जिप्सी) लोकांची ती देवी, ‘सारा ला काली’. दर वर्षी २४ मेला युरोपभरातून रोमा कुटुंबं जमतात, मूर्तीवर झग्यावर झगे चढवतात, खांद्यावर घेतात आणि वाजतगाजत समुद्रात घेऊन जातात. पुढे घोडेस्वार पाण्यात उतरतात. मूर्ती विसर्जित करत नाहीत, पाण्यापर्यंत नेऊन परत आणतात. तरीही गिरगाव चौपाटी पाहिलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघाले आणि त्यांची रोमानी भाषा मराठीच्या नात्यातली आहे. पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, कानाला ‘कान’, माणसाला ‘मानुष’. काळीला ‘काली’. माझी सासू तळघरातल्या मेणबत्त्यांच्या धगीत उभी होती. शेजारच्या रोमा बाईने मूर्तीच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला. सासूबाईंनीही लावला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, भाषेचा प्रश्न आला नाही.

येताना काय आणावं?

भांड्यावर, पिशवीवर छापलेली सूर्यफुलं नकोत. कामार्गचं मीठ आणा, आणि लाल तांदूळ. त्याला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, कुकरच्या शिट्या मोजून ठेवा.